दिवसाची भाकर आणि दिवसाचा हिशेब

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



वार्षिक सभेत जमाखर्च मांडणे हे माझे नेहमीचे काम. तो छापील स्वरूपात आपल्या हाती आहेच. यंदा विश्वस्त मंडळाने मला निराळा विषय दिला : ‘दैनंदिन गरजांसाठी परमेश्वरावर भरवसा’. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझे आयुष्य खतावणी आणि ताळेबंद यांत गेले. प्रवचन करण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. परंतु हा विषय जितका प्रार्थनामंदिराचा आहे, तितकाच तो रोखपालाच्या खिडकीचाही आहे, असे मला वाटते. म्हणून मी तो नम्रपणे स्वीकारला.

प्रभू येशूने आपल्या शिष्यांना जी प्रार्थना शिकविली, तिच्यात भाकरीची मागणी आहे. ती मागणी वर्षाच्या धान्याची नाही, भरलेल्या कणगीची नाही. ती एका दिवसाच्या भाकरीची आहे. शिवाय ती ‘मला’ दे अशी नसून ‘आम्हांला’ दे अशी आहे. हिशेबनीसाच्या नजरेने पाहिले तर या मागणीत दोन अटी स्पष्ट दिसतात : मुदत एका दिवसाची, आणि खाते सामाईक. देवावरच्या भरवशाचा सारा अर्थ या दोन अटींत सामावलेला आहे, असे मला नम्रपणे सुचवावयाचे आहे.

बायबलमधील निर्गम या पुस्तकात मान्नाची कथा आहे. रानातून चाललेल्या इस्राएल लोकांना रोज सकाळी जमिनीवर अन्न मिळे. प्रत्येकाने माणशी एक ओमर, म्हणजे त्या दिवसापुरते, गोळा करावयाचे. ज्यांनी उद्यासाठी म्हणून मागे ठेवले, त्यांच्या अन्नात किडे पडले आणि त्याला दुर्गंधी सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची आज्ञा होती, कारण सातवा दिवस विश्रांतीचा. ही कथा ऐकली की मनात प्रश्न येतो : मग साठा करणे हे अविश्वासाचे लक्षण मानावयाचे काय? बँकेतील ठेवी, औषधांचे कोठार, पुढील वर्षाचे अंदाजपत्रक, हे सारे देवावर भरवसा नसल्याची कबुली आहे काय? हा प्रश्न देणगीदारांकडून अधूनमधून विचारला जातो आणि तो योग्यच आहे.

त्याच बायबलमध्ये, उत्पत्तीच्या पुस्तकात, योसेफाची कथा आहे. मिसर देशात सात वर्षे सुकाळ येईल आणि त्यामागून सात वर्षे दुष्काळ येईल, हे त्याने जाणले. त्याने सुकाळाच्या वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरावयास सांगितले. त्या धान्याला कीड लागली नाही. त्याने देश जगला, शेजारचे देशही जगले. एकीकडे साठविलेले कुजते आणि दुसरीकडे साठविलेले तारते. दोन्ही कथा एकाच ग्रंथात आहेत. यांचा मेळ कसा घालावा?

मला याचे उत्तर साठ्याच्या आकारात सापडले नाही. ते साठा कोणासाठी केला, या प्रश्नात सापडले. मान्ना दडवून ठेवणाऱ्याने तो स्वतःच्या भीतीपोटी दडविला होता. योसेफाने भरलेली कोठारे दुसऱ्याच्या भुकेसाठी होती. लूककृत शुभवर्तमानात प्रभूने ज्या श्रीमंत शेतकऱ्याला मूर्ख ठरविले, त्यानेही कोठारे मोठी बांधण्याचा बेत केला होता. परंतु त्याच्या सगळ्या बेतात स्वतःखेरीज दुसऱ्या कोणाचे नावच नव्हते. त्याची कोठारे मोठी होती, पण खाते सामाईक नव्हते.

हा विचार पुस्तकी नाही. सह्याद्रीच्या पलीकडे, पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात केडगाव येथे तो एका मराठी स्त्रीने प्रत्यक्ष जगून दाखविला. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. भूक म्हणजे काय, हे त्यांनी ग्रंथांतून वाचले नव्हते. १८७०च्या दशकातील दुष्काळात दक्षिणेत तीर्थयात्रा करीत फिरणाऱ्या या विद्वान कुटुंबातील आई, वडील आणि थोरली बहीण अन्नावाचून खंगून गेली. रमाबाई आणि बंधू श्रीनिवास तेवढे उरले. पुढे पती बिपिनबिहारी मेधवी यांचाही १८८२ मध्ये मृत्यू झाला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. अमेरिकेत त्यांच्या साहाय्यासाठी मंडळ स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे मदत देण्याचे मान्य केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले.

दहा वर्षांची मुदत संपल्यावर पुढे काय, हा व्यवहारी प्रश्न रमाबाईंनी वेळीच विचारला होता. म्हणूनच त्यांनी केडगाव येथे जमीन घेऊन फळझाडे लाविली. बागेच्या उत्पन्नावर सदनाचा खर्च भागावा, असा हिशेब होता. कोणीही चांगला व्यवस्थापक हेच करील. याच सुमारास त्यांनी काही चरित्रे वाचली. त्यांपैकी एक चरित्र इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात अनाथगृहे चालविणाऱ्या जॉर्ज म्युलर यांचे होते.

म्युलर यांच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यांचा आपल्यासारख्या वार्षिक अहवाल छापणाऱ्या संस्थांशी जवळचा संबंध आहे. १८०५ ते १८९८ हा त्यांचा काळ. १८३६ मध्ये त्यांनी पहिले अनाथगृह सुरू केले आणि आयुष्यभरात सुमारे दहा हजार मुलांचा सांभाळ केला. कोणा माणसाकडे पैसे मागावयाचे नाहीत, केवळ देवाकडे मागावयाचे. आणि कर्ज काढावयाचे नाही, असा त्यांचा नियम होता. परंतु हिशेबात ते अतिशय काटेकोर होते. आलेल्या प्रत्येक देणगीची, ती कितीही लहान असो, नोंद ठेवून ते अहवाल प्रसिद्ध करीत. १८४१ च्या अखेरीस संस्थेची तिजोरी रिकामी झालेली असताना वार्षिक सभेची आणि अहवालाची वेळ आली. त्या वेळी अहवाल वाचून दाखविला असता, तर तो मदतीचा अर्ज ठरला असता. म्हणून त्यांनी सभा आणि अहवाल दोन्ही काही महिने पुढे ढकलले. आपण सारे तिजोरी रिकामी होताच अहवाल लवकर काढण्याच्या खटपटीत असतो. म्युलर यांचा मार्ग सर्वांना जमेल असे नाही. आपले रुग्णालय तर उघडपणे मदत मागते आणि त्यात संकोच मानीत नाही. परंतु देवावरचा भरवसा आणि पै-पैचा हिशेब हे एकाच माणसाच्या टेबलावर नांदू शकतात, एवढे त्यांच्या उदाहरणावरून सिद्ध होते.

ही चरित्रे वाचून रमाबाईंच्या मनात आले, की परदेशात देवावर असा भरवसा टाकता येतो, तर हिंदुस्थानात का येऊ नये? उत्तर देण्याची वेळ लवकरच आली. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तेथे गेल्या आणि निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. अमेरिकेतील मंडळाची मदत शारदा सदनासाठी होती. या नव्या शेकडो मुलींची तरतूद कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हती. त्यातच पुण्यात प्लेगची साथ आली आणि शहरात इतक्या जणींना ठेवणे अशक्य झाले. तेव्हा पुढील उत्पन्नासाठी घेतलेली केडगावची जमीन आजच्या भुकेल्या मुलींचा आसरा झाली. तेथेच ‘मुक्ती’ उभी राहिली. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात आणखी मुली आल्या आणि संस्थेतील संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

येथे थांबून पाहावे. जमीन घेणे हा अविश्वास नव्हता. ती दूरदृष्टी होती. परंतु दारात भूक उभी राहिली, तेव्हा ‘ही जमीन दहा वर्षांनंतरच्या खर्चासाठी आहे’ असे रमाबाई म्हणाल्या नाहीत. साठा त्यांनी योसेफासारखा केला आणि मान्नासारखा वापरला. हाच त्यांचा भरवसा.

आणि तो भरवसा हात जोडून बसणारा नव्हता. केडगावला विहिरी खणण्यात आल्या, शेती केली गेली, गाईगुरे पाळली गेली, विणकाम, तेलाची घाणी आणि छापखाना सुरू झाला. लिहिण्यावाचण्याबरोबर प्रत्येकीच्या हाताला काम शिकविले गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. मुक्ती मिशन आजही केडगाव येथे कार्यरत आहे. आपल्या अनुभवांवर १९०७ मध्ये त्यांनी जी साक्ष लिहिली, तिच्या शीर्षकात त्यांनी कधीही न संपणाऱ्या खजिन्याचा उल्लेख केला आहे. खजिना न संपणारा म्हणणाऱ्या या बाईंनी एक विहीरही खणावयाची बाकी ठेवली नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

या विषयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझे विवेचन एकांगी होईल. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे मराठी ख्रिस्ती समाजाचे थोर कवी. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी अनेकांनी वाचली असतील. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. समोर गरजू दिसला की ते देऊन मोकळे होत. १९१७ मध्ये तर त्यांनी मिशनची पगाराची नोकरीही सोडली. त्यांचा भरवसा निर्मळ होता, यात शंका नाही. परंतु घरात चूल पेटविण्याची जबाबदारी लक्ष्मीबाईंची होती. एकाने भरवसा ठेवावा आणि ओढाताण दुसऱ्याच्या वाट्याला यावी, असे किती घरांत घडते! लक्ष्मीबाईंनी ते हसतखेळत लिहिले, हा त्यांचा मोठेपणा. वाचकाने मात्र त्या हसण्यामागची रिकामी डाळीची बरणी विसरता कामा नये.

संस्थांनाही हा धडा लागू आहे. ‘देव पाहून घेईल’ असे म्हणून परिचारिकांचा आणि सफाई कामगारांचा पगार लांबणीवर टाकला, तर तो देवावरचा भरवसा नव्हे. ते त्यांच्याकडून बिनव्याजी घेतलेले कर्ज होय. औषधविक्रेत्याचे बिल सहा-सहा महिने थकविणे याचाही अर्थ तोच. आपला भरवसा दुसऱ्याच्या ताटातून खर्च करण्याचा हक्क कोणालाही नाही.

आता आपल्या परिसराकडे वळतो. केडगाव आपल्याला दूर वाटेल. परंतु सामाईक कोठाराचा विचार आपल्या सिद्धगडाच्या मातीलाही परका नाही. दरवर्षी २ जानेवारीस आपण सारे सिद्धगडावर हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना अभिवादन करतो. १९४३ मध्ये त्याच दिवशी हे दोघे तेथे धारातीर्थी पडले. कोतवालांचा सशस्त्र लढा सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी त्यांनी कर्जत भागातील गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यपेढी चालविली होती, हे थोड्यांना ठाऊक असते. पावसाळ्यात घरातील दाणे संपले की शेतकरी सावकाराच्या दारी जाई आणि पुढचे पीक त्याच्या घशात जाई. त्याऐवजी सर्वांच्या धान्यातून गरजवंताला धान्य मिळावे, अशी ती व्यवस्था. कोतवाल काही ख्रिस्ती नव्हते आणि मी त्यांना आपल्या मतात ओढू इच्छीत नाही. परंतु योसेफाची कोठारे आणि कोतवालांची धान्यपेढी यांचे गोत्र एकच आहे, असे म्हणावयास हरकत नसावी.

शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांना रोजच्या भाकरीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागविणारी धरणे शहापुरात आहेत, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पावसाळा संपला की कातकरी कुटुंबे बिऱ्हाडासह वीटभट्ट्यांवर जातात. ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी चूल नाही. अशा घरातील माणूस आजारी पडतो, तेव्हा एकाच वेळी दोन संकटे येतात : औषधाचा खर्च आणि बुडालेली मजुरी. म्हणूनच ‘पैसे जमले की दवाखान्यात नेऊ’ असा विचार घरोघरी होतो. शेळी विकली जाते, भांडी गहाण पडतात, नातेवाइकांकडे निरोप जातात. आणि तोवर दोन दिवस निघून गेलेले असतात. सर्पदंशाच्या किंवा अडलेल्या बाळंतिणीच्या बाबतीत दोन दिवस म्हणजे काय, हे येथे बसलेल्या डॉक्टरांना विचारावे.

म्हणून माझे पहिले सांगणे रुग्णांच्या नातेवाइकांना आहे. पैसे जमविण्यासाठी थांबू नका. आधी रुग्णाला आणा. हा केवळ आमच्या दयाळूपणाचा भाग नाही. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार २००६ पासून राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या आहेत. तातडीच्या प्रसंगी रुग्णाला ताबडतोब दाखल करून त्याची प्रकृती स्थिरावेपर्यंत जीव वाचविणारे उपचार द्यावयाचे आहेत, आणि निर्धन रुग्णाकडून अनामत रक्कम मागावयाची नाही. शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे लागतातच. पण कागद मागून आणता येतो, गेलेला माणूस आणता येत नाही. आपण देवाकडे आजची भाकर मागतो, तसेच आजचे औषधही आजच मागावे. मागण्यात कमीपणा नाही.

दुसरे सांगणे आम्हां कर्मचाऱ्यांना, म्हणजे आधी मला स्वतःला आहे. सर्पदंशावरचे इंजेक्शन मध्यरात्री प्रार्थना करून मिळवावयाचे नसते; ते संध्याकाळी फ्रीजमध्ये मोजून, त्याची मुदत तपासून ठेवावयाचे असते. मध्यरात्री पाड्यावरून डोलीत घालून आणलेल्या मुलाची प्रार्थना देवाने ऐकली, याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो, की कोणीतरी संध्याकाळी आपले काम मन लावून केले. ऑक्सिजनचे सिलिंडर, जनरेटरमधील डिझेल, निर्जंतुक केलेली हत्यारे आणि रात्रपाळीच्या ताईंची हजेरी, ही आपली रोजची उपासना होय. त्याचबरोबर, कोठारातील इंजेक्शन ‘उद्या दुसरा कोणी येईल’ म्हणून आजच्या रुग्णाला नाकारावयाचे नाही. ठेवावयाचे ते देण्यासाठीच.

तिसरे सांगणे विश्वस्त आणि देणगीदार यांना, आणि ते मी हात जोडून करतो. देणगी देताना यंत्राला, खोलीला, इमारतीला देण्याकडे स्वाभाविक ओढा असतो. त्यावर नावाची पाटी लागते, पाहुण्यांना ते दाखविता येते. त्या देणग्यांबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु विजेच्या बिलावर पाटी लावता येत नाही. कापूस, साबण, चादरींची धुलाई, रुग्णासोबतच्या माणसाचे दोन वेळचे जेवण, सफाई कामगाराचा पगार, यांना कोणाचेही नाव देता येत नाही. आणि रुग्णालय चालते ते यांवरच. सारफथ गावच्या विधवेने एलीया संदेष्ट्याला आपल्या मडक्यातील शेवटच्या मूठभर पिठाची भाकर दिली; बायबल सांगते की ते मडके पुढे रिकामे झाले नाही. परंतु ते भरून वाहिले, असे मात्र बायबल सांगत नाही. रोज लागेल तेवढेच पीठ त्यात राही. धर्मादाय रुग्णालयाचा निर्धन रुग्ण निधी हे असेच मडके आहे. योजनेनुसार रुग्णालयाच्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम त्यात जमा होते. तेवढी पुरली नाही, की उरलेले पीठ आपल्या घरून यावे लागते. कोणत्या रुग्णासाठी ते वापरले गेले, हे देणाऱ्यास कदाचित कधीच कळणार नाही. अशी देणगी देणे हासुद्धा भरवसाच आहे.

आणि एक विनंती कायम निधीविषयी. ठेवी ठेवाव्यात, असेच माझे मत आहे. मी हिशेबाचा माणूस आहे. मात्र प्रत्येक ठेवीच्या पावतीबरोबर ती कोणासाठी आहे, हा प्रश्न आपण दरवर्षी याच सभेत विचारावा. ज्या दिवशी ठेवी वाढल्याचा आनंद होईल आणि त्याच दिवशी दारातून कोणी खर्चाच्या भीतीने परत गेलेला असेल, त्या दिवशी आपल्या मान्नाला कीड लागली, असे समजावे.

या सभेत विविध धर्मांचे आणि पंथांचे लोक बसले आहेत. कोणी ख्रिस्ताचे नाव घेतो, कोणी विठ्ठलाचे, कोणी वाघोबाला नारळ ठेवून येथे आला असेल. प्रत्येकाची प्रार्थना त्याच्याजवळ. माझ्या धर्माने मला शिकविले, ते एवढेच : उद्याच्या चिंतेने आजचे कर्तव्य अडू नये, आणि आजच्या आळसाने उद्याचा रुग्ण मरू नये. आकाशातल्या पाखरांचे उदाहरण प्रभूने दिले. पण पाखरे घरट्यात बसून चोच उघडीत नाहीत, पहाटेपासून चारा शोधीत फिरतात. देव देतो, आणि पुष्कळदा तो आपल्याच हातांनी देतो.

उद्या सकाळी आठ वाजता बाह्यरुग्ण विभाग नेहमीप्रमाणे उघडेल. किती जण येतील, त्यांतील किती जणांच्या खिशात पैसे असतील, हे आज कोणालाही ठाऊक नाही. औषधांची मोजणी आज संध्याकाळी झाली आहे, पगार ठरल्या तारखेस दिले गेले आहेत, आणि या महिन्याची बिले चुकती आहेत. उद्याची भाकर उद्या मिळेल, या भरवशाने आपण दार उघडू या.